गुप्त लखोटा आणि बांगडीची लाख

कुसुमताई, गुडघा वाकतोय का आता? रशीदभाई, डोळ्याची पट्टी निघाली का? आणि केदारखेड्याच्या सूनबाई, बाळ-बाळंतीण बराबर आहेत ना? मी पंच्याण्णव ओलांडूनही ठणठणीत... भाकरी तेवढी दुधात कुस्करावी लागते.

आज माझ्या पहिल्या नोकरीची गंमत सांगतो. निजामी नुकतीच गेल्ती. हसनाबादजवळ फौजेची एक लहान तुकडी तंबू ठोकून होती, गावोगावची लपवलेली हत्यारं जप्त करायला.

आमचं घर लाखेच्या बांगड्या करणारं. पण मी शाळा न बघता मराठी, मोडी, उर्दू वाचायला शिकलो होतो, म्हणून या तुकडीनं मला डाकेच्या कामावर घेतलं. जालन्याहून मोटारीनं लाखेचा शिक्का मारलेले गुप्त लखोटे यायचे. वहीत नोंद करायची आणि लखोटा बंदच्या बंद तुकडीच्या सुभेदारसाहेबांच्या हातात द्यायचा.

पण बातम्या फुटायला लागल्या. छाप्याला जावं तर तिथं आधीच सामसूम! अख्ख्या छावणीत इथला माणूस मी एकटा... संशय कुणावर जाणार?

हेडक्लार्क साताऱ्याकडचे. म्हणाले, "काय बांगडीवाले, तुमच्या पोटात पाणीबी ठरत न्हाय वाटतं!" सुभेदारांनी तर सरळ सांगितलं, उद्या घरी जा. घरी जायचं दुःख नव्हतं हो... पण फितूर म्हणून जायचं?

त्याच दुपारी मोटार आली. ड्रायव्हरकडून लखोटा घेतला, सवयीनं शिक्क्यावर अंगठा फिरवला, आणि थबकलो. लाख खरबरीत लागली. तसाच सुभेदारांपुढं गेलो. "साहेब, हा वाटेतच उघडलाय."

"घ्या! चोराच्या उलट्या बोंबा," हेडक्लार्क हसले.

मी ऑफिसातली सरकारी लाखेची कांडी मोडली, जालन्यालाही हीच वापरायचे. आतून काचेसारखी चकचकीत. मग शिक्क्याचा कोपरा मोडला... आत पांढुरकी भुकटी. "बांगडीच्या लाखेत दगडाचं पीठ घालतात साहेब. शिक्का हुबेहूब उठवलाय, पण लाख बाजारातली हाय."

"म्हंजे तुझ्याच घरची की!"

"मोटारीचं इंजन अजून गरम हाय, क्लार्कसाहेब. ड्रायव्हरच्या हातातून घेतला तो हितं आणला. मंग मी भट्टी पेटवली कधी?"

सुभेदारांनी ड्रायव्हरला बोलावलं. तो मधल्या नाक्यावर जेवायला उतरायचा, डाकेची थैली तिथल्या एका माणसाकडं ठेवून. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरात बनावट शिक्का सापडला. आणि पुढच्याच छाप्यात कडब्याच्या गंजीतून बंदुका निघाल्या!

सुभेदारांनी गुप्त कागदांच्या लोखंडी पेटीची किल्ली सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवली. "ही आता तुझ्याकडं." हेडक्लार्कांनी खाली बघत मला पान लावून दिलं... त्या पानाची चव अजून जिभेवर आहे.

ज्या धंद्यावरून टोमणे खाल्ले, त्यानंच माझी इभ्रत राखली. हाताला लागलेलं काम कधी वाया जात नाही, बाळांनो. तुम्हाला असं कुठल्या कामानं तारलं? लिहा बरं... आणि जल्दी लिहा, या वयात वाट बघणं परवडत न्हाई!