मॅच होत नाही, मॅडम

आमच्या निपाणीकडे हेवा, मत्सर असले जड शब्द कुणी वापरत नाही. पोटात दुखतंय म्हणतात. माझ्या पोटात मागे सहा महिने सलग दुखत होतं आणि त्याचं कारण माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचं. पुण्याची मुलगी. तिने माझी बढती पळवली नव्हती, कुणी पुरुषही पळवला नव्हता, कारण पळवण्यासारखा माझ्याकडे नव्हताच. तिने माझे रंग पळवले होते.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर मी वेडी वाटेन. मी बेंगळुरूत के. आर. पुरमला एका खोलीत एकटी राहते. ऑफिसला मेट्रोने जाते आणि शनिवारी शहर फिरते, तेही एकटी. बागा नि देवळं बघायला नाही, बायकांनी काय घातलंय ते बघायला. मल्लेश्वरमला सकाळी सातला गेलं की खणासारख्या काठाची सुती साडी आणि पायात पांढरे बूट घालून झपझप चालणाऱ्या आज्या दिसतात. गांधी बझारला कॉलेजच्या मुली बापाचा शर्ट ढगळ घालून कानात आईचे झुमके अडकवतात. "एकटीला कंटाळा येत नाही का गं?" असं आई फोनवर विचारते. कंटाळा कसला? सोबत कुणी असलं की त्याच्याकडे बघावं लागतं.

अनोळखी बाईचा फोटो काढायचा नाही, हा माझा नियम. मी फोनमध्ये लिहून ठेवते, जागेच्या नावाखाली. 'जयनगर बसथांबा: राखाडी कुडता, लाल मोजे.' 'मल्लेश्वरम: अंजिरी साडी, चांदीचं घड्याळ.' सगळ्यात जास्त नोंदी मात्र 'स्टेशनचा जिना' या नावाखाली होत्या. के. आर. पुरमच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली एक पन्नाशीची फुलवाली बसते. साध्या सुती साड्या, पण ब्लाऊज कधीच त्या रंगाचा नाही. बाटलीहिरव्या साडीवर मोहरीचा पिवळा. विटकरीवर आकाशी. टोपलीत पांढरी मल्लिगे, म्हणजे मोगरा, आणि केशरी कनकांबर, म्हणजे आपली अबोली, आणि मागे ती. मी रोज तिच्याकडून हातभर गजरा घ्यायची, वरपासून खालपर्यंत बघायची आणि मेट्रोत बसल्यावर लिहून काढायची.

हे मला का आवडायचं ते आईला ठाऊक आहे. आईसाठी मॅचिंग हा धर्म होता. नवी साडी आली की ती पदराचा एक दोरा काढून पर्समध्ये ठेवायची आणि तो दोरा घेऊन आम्ही चार दुकानं पालथी घालायचो. रंग एका छटेने जरी चुकला तरी ती साडी कपाटातच राहायची. मोठेपणी पहिल्यांदा मला वाटलं की चुकवून बघावं.

म्हणून चिकपेटला गेले. गल्लीत एक ब्लाऊजपीसचं दुकान आहे, पांढऱ्या गादीवर बसून माल बघायचा. मी हिरवी साडी ठेवली आणि मोहरीचा पिवळा मागितला. दुकानदाराने हिरव्याचे अकरा तुकडे काढले.

"पिवळा दाखवा," मी म्हटलं.

"मॅच होत नाही, मॅडम."

"मॅच नकोच आहे."

तो "स्वल्प थांबा" म्हणाला, आत गेला आणि बारावा हिरवा घेऊन आला. शेवटी पिवळा कापून दिला, पण पिशवी हातात देताना म्हणाला, "घरी बोलणी बसली तर परत आणू नका."

त्या साडीत ऑफिसला गेले तो दिवस मला अजून आठवतो. आमच्याकडे सगळे जीन्सवाले, साडी नेसणारी मी एकटी. लिफ्टपासून माना वळत होत्या. पुण्याची तेव्हा बारा महिने टोपीवाल्या करड्या जर्सीत असायची. ती खुर्ची फिरवून बघतच राहिली.

"अगं, किती सही! हे असं घालायचं तुला कुणी सांगितलं?"

"सुचलं," मी म्हटलं.

पुढची चूकही माझीच. ती मागे लागली म्हणून एका शनिवारी तिला चिकपेटला घेऊन गेले. माझं दुकान, माझी गादी, माझा दुकानदार, सगळं दाखवलं. तिने एका बैठकीत नऊ तुकडे कापून घेतले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. महिन्याभरात जर्सी गेली आणि बाटलीहिरवी साडी आली, पिवळ्या ब्लाऊजसकट. मग विटकरी आणि आकाशी. मी काही नवं नेसले की आठ-दहा दिवसांत ते तिच्या अंगावर.

आणि ती फोटो टाकायची. रंगवलेल्या भिंतीपुढे, कॉफीच्या दुकानाच्या पायरीवर, पावसात भिजलेल्या फुटपाथवर. खाली लिहायची, 'एकटीने शहर फिरताना'. एकटीने फिरत होतीस तर फोटो कोण काढत होतं, बाई? खरी एकटी फिरणारी मी, आणि शाबासकी हिला. शेकडो लोक खाली बदाम टाकायचे, 'तुझी नजर कमाल आहे' असं लिहायचे. मी ते सगळं वाचायची. मेट्रोत वाचायची, जेवताना वाचायची. तिच्या नजरेचं कौतुक वाचून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा, असं मी आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "तुझा रंग तिला बरा दिसतो का?"

आईला नेमकं ठाऊक असतं कुठे बोट ठेवायचं. पुण्याचीला ते रंग माझ्यापेक्षा चांगले दिसायचे. ती उंच आहे, मान लांब आहे, आणि कपडे घातल्यावर ते विसरून जाते. मी दिवसभर पदर सारखा करत असते.

एकदा मी वांगी रंगाच्या साडीवर भडक केशरी ब्लाऊज घातला. स्टेशनच्या जिन्याखाली सोमवारी बघितलं होतं, गुरुवारपर्यंत शिवून घेतलं. आरशात बघताना मलाच जरा कसंतरी झालं. पण नोंद होती, आणि त्या जिन्यावरचं आजवर काही चुकलं नव्हतं. ऑफिसात कुणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याचीने तेच घातलं, आणि त्या फोटोला तिच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त बदाम आले. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

मग ते भाषण आलं. आमच्या ऑफिसात महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जेवणानंतर कुणीतरी कामाबाहेरच्या विषयावर बोलतं. कुणी झाडांवर, कुणी बुद्धिबळावर. या वेळी मेल आली की पुण्याची मुलगी 'माझं शहर, माझी स्टाईल' यावर बोलणार आहे. माझं शहर म्हणे. हिला कन्नडात डावं-उजवं सांगता येत नाही.

मी ठरवून टाकलं. भाषण संपल्यावर प्रश्न विचारतात, तेव्हा उठायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं, "हे तुला सुचलं कुठून?" एवढंच. आवाज चढवायचा नाही. आठवडाभर मी आंघोळ करताना ते वाक्य म्हणत होते.

शुक्रवारी सकाळी मी जांभळट काळी साडी नेसले, लिंबू रंगाचा ब्लाऊज, आणि फुलवालीकडे दोन हात गजरा मागितला. ती कोपरापासून बोटांपर्यंत मापून फुलं तोडते. आमचं बोलणं कन्नडात चालतं. माझ्या सीमाभागातल्या कन्नडात प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'री' येतो, त्याचं तिला हसू येतं. वय कुणाचंही असो, दोघी एकमेकींना अक्काच म्हणतो.

"आज लग्न आहे का कुठे, अक्का?" तिने विचारलं.

मी काही न बोलता जायला हवं होतं. पण आठवडाभर साठलेलं सगळं बाहेर पडलं. ऑफिसात एक मुलगी आहे, मी जे घालते ते तीही घालते, एकही रंग सोडत नाही, आणि आज त्यावर भाषण करणार आहे. लाज कशी वाटत नाही माणसाला?

फुलवालीने दोरा खाली ठेवला आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"तुम्हाला कशी वाटत नाही?" ती म्हणाली.

मला कळलं नाही, किंवा कळलं आणि मी न कळल्यासारखं केलं.

"रोज बघता मला. इथून इथपर्यंत. चार दिवसांनी तेच नेसून येता. मी घरी सुनेला सांगते, आज माझी हिरवी आली, आज माझी विटकरी आली." तिने दोरा पुन्हा उचलला. "तो केशरी ब्लाऊज माझ्या सासूचा. तो रंग मला बघवत नाही. म्हटलं बघू या, हाही घालते का ही. मुद्दाम घालून बसले. गुरुवारी तुम्ही आलात."

वर मेट्रो आली आणि गेली.

"रागावला होतात का?" मी विचारलं.

"रंग काय माझ्या बापाचे आहेत? पण बोलायचं तरी. आवडलं म्हणून सांगितलं असतं तर पुढचा रंग कोणता ते मीच सांगितलं असतं." तिने गजरा केळीच्या पानात बांधून दिला. "जा, उशीर होतोय."

मेट्रोत मी फोन उघडला. 'स्टेशनचा जिना' खाली बोट सरकवत गेले तर संपता संपेना. मी करत होते ते निरीक्षण आणि पुण्याची करत होती ती चोरी, असा हिशोब मी सहा महिने स्वतःला पटवला होता. आता लाज वाटायला हवी होती. वाटली, पण थोडी. जास्त वाटला तो हेवा, आणि या खेपेला फुलवालीचा. सकाळी चारला उठून फुलबाजारात जाणाऱ्या या बाईला रंग आपोआप सुचत होते, मला हवं तेव्हा फसवण्याइतके सुचत होते. मला फोनमध्ये लिहून घ्यावे लागत होते. नागोबा दोन होते, आणि बीळ तिचं होतं.

भाषणाला चाळीसएक माणसं जमली. पुण्याची छान बोलली, तेही मला खटकलं. पडद्यावर एकामागून एक फोटो येत होते, आणि शेवटी तो आला, वांगी आणि केशरी. "हे माझं सगळ्यात बोल्ड कॉम्बिनेशन," ती म्हणाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका अख्ख्या ऑफिसने फुलवालीच्या सासूच्या ब्लाऊजला टाळ्या वाजवल्या. माझं पाठ केलेलं वाक्य घशात होतं. पण ते आता विचारायचं कुणाला?

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलंच, "हे सगळं तुला सुचतं कसं?"

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला काहीच सुचत नाही. हे सगळं हिचं आहे." आणि तिने माझ्याकडे बोट केलं. "ही मला एकदा चिकपेटला घेऊन गेली, तेव्हापासून मी हिला फक्त कॉपी करते. हिला साधं थँक्यूपण म्हटलं नाही कधी. आय ॲम सो सॉरी, यार."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. टाळ्या वाजल्या, तिच्यासाठी वाजल्या होत्या त्यापेक्षा जोरात. सहा महिने ज्याच्यासाठी पोटात दुखत होतं ते सगळं एका मिनिटात माझ्या ओंजळीत आलं. आमच्या मॅनेजरबाईंनी कौतुकाने विचारलं, "आणि तुला गं? तुला कुठून सुचतं?"

दोनच शब्द होते. स्टेशनचा जिना. केसांत तिच्याच हाताने मोजलेली फुलं होती, त्यांचा वास मलाच येत होता.

"असंच," मी म्हटलं. "सुचतं."

पुण्याचीने पुढे येऊन मला मिठी मारली. तिला सगळ्यांसमोर खरं बोलता आलं होतं, आणि तेसुद्धा तिला माझ्यापेक्षा छान दिसलं.

शनिवारी मी कुठेही फिरायला गेले नाही. सोमवारी कपाट उघडून आईने दिलेली पिस्ता साडी काढली. तिचा ब्लाऊज आईने दोरा घेऊन पाच दुकानांतून शोधलेला, पिस्त्याला पिस्ता. तोच घातला. फुलवालीने शुक्रवारबद्दल विचारलं तर काय सांगायचं ते जिन्यापर्यंत ठरवत होते. सांगेन की वेळच मिळाला नाही. सांगेन की प्रश्न कुणी विचारलाच नाही.

तिने काहीच विचारलं नाही. हातभर मल्लिगे मोजली, पानात बांधली आणि देता देता मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मी तिला बघायची तसं.

"आज मॅचिंग?" ती म्हणाली. "तब्येत बरी नाही का, अक्का?"