मस्तगडचा वरबाप

लग्नाच्या घोडीचा लगाम धरून कॉलेजची सगळी वर्षं चाललेला हा माणूस स्वतः कधी घोडीवर बसला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी वर बसलो तर लगाम कोण धरंल?" उत्तर बिनतोड होतं. पण खरं कारण घोडीवाल्या चाचांना ठाऊक होतं. ते मला हसत सांगायचे, "डरता है बेटा. तेरा वरबाप डरता है!"

वरबाप म्हणजे धावड्याहून जालन्याला बी.एस्सी. करायला आलेला एक उंच, हाडकुळा पोरगा. कॉलेजच्या सेवा योजनेची मुलं एका रविवारी आमच्या मस्तगडातल्या गल्लीत नाली साफ करायला आली होती. नाली साफ झाली, फोटो निघाला, मुलं गेली. हा मात्र पाणी प्यायला आमच्या दारात थांबला आणि त्याची नजर माझ्याकडे गेली. मी सात वर्षांची होते. जन्मतानाच काही अडचण झाल्यामुळे अंग माझ्या ताब्यात नव्हतं. बसवलं की मी एका बाजूला कलंडायचे, म्हणून आई मला जुन्या लुगड्याच्या धडप्यानं खुर्चीला बांधून ठेवायची. जीभ तेवढी पहिल्यापासून ताठ होती. मी म्हणाले, "बघतो काय? माझाबी फोटो काढायचा का?"

तो ओशाळला. "न्हाई गं, माझा चुलतभाऊ आठवला." मग आईकडे वळून म्हणाला, "काकू, आम्ही धनगर माणसं. मेंढरं घेऊन फिरायचो तव्हा बारकी पोरं तट्टावर बसवायचे. भाऊ पांगळा होता, चालला न्हाई कधी. पर तट्टावर बसून बसून पाठीत ताठ झाल्ता."

दुसरं कुणी असतं तर आईनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. पण नुकतेच जवळच्या शाळेचे हेडमास्तर तिला म्हणाले होते, "एवढ्या पोरांत हिला धरून कोण बसंल? बाकावर स्वतःच्या जिवावर बसायला लागली की आणा, नाव घालतो." मला शाळेत जायचं होतं. गल्लीतली पोरं पाट्या घेऊन जाताना दिसली की मी खुर्चीत ओरडून रडायचे. आईला ते बघवत नव्हतं.

जालन्यात तट्टू कुठून आणायचं? वरबापानं शोध लावला तो वरातीच्या घोडीचा. चाचांची चांदणी अख्ख्या गावाचे नवरदेव मिरवायची, पण चातुर्मासात लग्नंच नाहीत. चाचा म्हणाले, "खडी खडी घोडी अकड जाती. ले जाव, फिराव. बस, शादी के दिन नको." तेव्हापासून वरबापाच्या शर्टाच्या खिशात पंचांग दिसायला लागलं. लोक मुहूर्त बघायचे, हा मुहूर्त नसलेले दिवस बघायचा. पौष लागला की त्याला दिवाळी झाल्यासारखं व्हायचं. अधिक महिना आला तेव्हा तर त्यानं आईला पेढे आणून दिले. "काकू, आख्खा महिना आपला!"

पहिल्या दिवशी चांदणी दारात आली, तर शेजारच्या शांतामावशी धावत ओवाळायचं ताट घेऊन आल्या. त्यांना वाटलं, न कळवता कुणाचं लग्न निघालं! वर मी बसलेली पाहून त्या थबकल्या. "अगं बया, घोडीवर नवरदेव बसतो. पोरगी कव्हा बसती का?"

"मंग हिलाच नवरदेव समजा मावशी," हा शांतपणे म्हणाला. "मी वरबाप." मावशींनी हसत हसत आम्हाला ओवाळलं, आणि त्या दिवसापासून एकोणीस वर्षांच्या त्या पोराला सगळं मस्तगड वरबाप म्हणायला लागलं. त्यालाही ते मानवलं. वरबापासारखाच पुढे चालायचा, मान वर करून, रस्त्यात भेटेल त्याला रामराम घालत.

त्याचा एकच धोशा असायचा, "धरू नका." सुरुवातीला आई एका बाजूनं आणि त्याचा एक मित्र दुसऱ्या बाजूनं माझी कंबर धरून चालायचे. हा दर काही दिवसांनी मागे वळून म्हणायचा, "काकू, आता जरा कमी धरा." मी घाबरून आयाळ पकडली की मला ऐकवायचा, "सुमे, धरू नको. घोडी डुलती तशी तूबी डुल. तुझ्या पाठीला कळू दे ना."

चांदणीची एक खोड होती. आमच्याकडे नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या देवळापर्यंत जातो. त्यामुळे देऊळ दिसलं की चांदणी तटकन थांबायची आणि खोबऱ्याचा तुकडा मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायची नाही. ती थांबली की मी पुढे आदळायचे. रोज आदळून शेवटी माझ्या अंगालाच समजलं. देवळाचा झेंडा दिसला की पाठ आपोआप मागे जाऊन सावरून घ्यायची. तेवढंच मला शिकायचं होतं, आणि ते मला मारुतीनं शिकवलं असं आई आजही सांगते. वरबापानं कधी तिची चूक दुरुस्त केली नाही.

जून महिन्यात आम्ही शाळेत गेलो. हेडमास्तरांनी मला बाकावर बसवलं आणि हात काढून घेतला. मी डोलले. आई पुढे धावली, तसा वरबाप मध्ये आडवा झाला. "धरू नका काकू. बसून राह्यली बघा." मी डोलत डोलत मध्यावर आले आणि तिथंच राहिले. हेडमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. "नाव सांग," ते मला म्हणाले. मी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की शेजारचा वर्ग हसला. घरी आल्यावर आईनं त्या धडप्याचं पोतेरं केलं. आज मी आमच्या बांगड्यांच्या दुकानात दिवसभर ताठ बसते, तेव्हा कधीकधी मला तो बाक आठवतो.

पुढे वरबापाला लांब नगर जिल्ह्यात मास्तरकी लागली आणि वाटूरची मुलगी ठरली. चाचांनी चांदणीला टेम्पोत घालून वाटूरला नेलं. आईबरोबर मीही गेले. परण्याची तयारी झाली तेव्हा वरबाप म्हणाला, "माझी करवली सुमी. ती माझ्या मागं बसंल." कुणी वडीलधारे कुजबुजले, अशी पोर करवली कशी? तो म्हणाला, "मंग मी पायी जातो." तो घाबरून बोलतोय की रागावून, हे फक्त मला आणि चाचांना कळलं.

आम्ही दोघं बसलो. बँड सुरू झाला आणि माझ्या वरबापानं दोन्ही मुठींत आयाळ आवळली. मुंडावळ्यांच्या आड त्याला दरदरून घाम फुटला होता. मी मागून म्हणाले, "धरू नको, वरबाप. ती डुलती तसा डुल." इतक्यात मारुती आला. चांदणी तटकन थांबली, नवरदेव तिच्या मानेवर आदळला आणि वरात खो खो हसली. मी जागची हलले नव्हते.

तो हसत खाली उतरला. देवळाच्या पायरीवरून त्यानं वळून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला बघून मलाही रडू फुटलं. उद्यापासून तो मस्तगडात दिसणार नव्हता. आई माझ्याकडे धावली, तसा नवरदेवानं तिच्यापुढे हात आडवा केला. चांदणी खोबऱ्याची वाट बघत उभी होती. तिच्या पाठीवर मी एकटी बसले होते आणि मला कुणी धरलं नव्हतं.