गिरडच्या टेकडीवर एकटीच

गिरडच्या दर्ग्याला एकटं जायचं ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "मी येतो ना सोबत. लोकं पाह्यतात तुह्याकडे." पाहतात, हे खरंच आहे. मी ऑटिस्टिक आहे. घाबरले की डुलते, बोटं हलवते, कानांवर मोठे हेडफोन असतात. आई सोबत असली की ती सगळ्यांना समजावत बसते आणि मी तिशीची बाई पुन्हा लहान पोर होते. या वेळी तिच्याशिवाय जाऊन यायचंच होतं.

वर्ध्याहून थेट गाडीच्या भरवशावर राहू नका. हिंगणघाट, मग समुद्रपूर असं बदलत जा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. समोरची बाई हिंगणघाटपर्यंत वळून वळून माझी बोटं बघत होती. शेवटी शेजारणीला म्हणालीच, "चांगल्या घरची दिसते वं, असं काऊन करून राह्यली?" मी खिडकीकडे तोंड केलं. समुद्रपूरला गरम आलुबोंडा घेतला, पण तसाच पिशवीत ठेवला. वर्ध्याकडची गाडी समोरच लागली होती. तिच्या दारापर्यंत जाऊन मागे फिरले आणि गिरडची गाडी धरली.

टेकडीला पायऱ्या आहेत, पाणी सोबत ठेवा. वर दर्ग्यात ढोल वाजू लागला आणि हेडफोनही कमी पडले. कोपरा गाठून मी डोळे मिटले, डुलू लागले.

"हाजरी आली हिले! जागा द्या!"

डोळे उघडले तर भोवती मोकळं रिंगण आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. इथे डुलणाऱ्या बाईच्या अंगात आलं असं समजतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. एका म्हातारीने तर माझ्यापुढे पदर पसरला. "सांग माय, माही नात चार वर्साची झाली. बोलन का वं ते?"

पळून जावंसं वाटलं. 'बोलेल' म्हटलं असतं तर सुटले असते. पण म्हणाले, "आजी, मला हाजरी नाही. मी जन्मापासून अशीच आहे. मीपण उशिरा बोलले. सगळ्यांचं तसं होतंच असं नाही."

तिने पदर आवरला. माझे हात, हेडफोन, चपला, सगळं नीट पाहिलं.

"एकटीच आली इतक्या दूर?"

"हो."

"आन वापसही एकटीच जाशीन?"

"हो."

ती बघतच राहिली. मी बोटं हलवायची थांबवली नाहीत.

असा प्रवास केलात तर पुढचे दिवस रिकामे ठेवा. मी घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोललेच नाही. भीती गेली म्हणाल, तर नाही. एसटी स्टँड आठवलं तरी बोटं हलू लागतात.

तिसऱ्या दिवशी आईने विचारलंच, "पाह्यलं का कोणी?"

"सगळ्यांनी."

"मंग तू काय केलं?"

"एका आजीला डोळे भरून पाहू दिलं."