रत्नाबाईंची अट

घोटावड्याच्या रत्नाबाई तशा मऊ स्वभावाच्या, पण एकदा बोलल्या की मागं हटायच्या नाहीत. नवऱ्याच्या माघारी त्यांनी रस्त्यालगतचं भाताचं खाचर बिल्डरला दिलं, तेव्हा सही करण्याआधी एकच अट घातली. निम्मे फ्लॅट पहिलं वर्षभर मराठी माणसालाच विकायचे. त्याला कारणही तसंच होतं. त्यांची लेक शुभांगी पुण्यात बावधनला घर बघायला गेली होती. "तुम्ही मासे खाता का?" एवढं विचारून तिला जिन्यातूनच परत पाठवलं होतं.

इमारत पुरी होत आली. एका सकाळी आबेदा नर्सबाई ओट्यावर येऊन टेकल्या. सरकारी दवाखान्यात वीस वर्षं नोकरी, शुभांगीचं बाळंतपणही त्यांच्याच हातचं.

"मावशी, तुमच्या बिल्डिंगीत घर बघायला गेले होते. मराठी माणसांसाठीचे फ्लॅट संपले म्हणाले. आणि माझ्यामागून आलेल्या जोडप्याला त्यातलाच एक दाखवला."

रत्नाबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि आबेदांना घेऊन विक्रीचं ऑफिस गाठलं. तिथले शेखर म्हणाले, "आजी, अट तुमचीच आहे ना?"

"मग ही कोन हाय? हिच्या सात पिढ्या पौडात गेल्या. माझ्याहून सुद्द मराठी बोलती."

शेखरनी मान खाली घातली. "बाकीचे लोक काय म्हणतील, तेही बघावं लागतं."

रत्नाबाईंना लेकीचा उतरलेला चेहरा आठवला. "हिला दुसऱ्या मजल्यावरचा द्या," त्या म्हणाल्या आणि कागद होईपर्यंत खुर्चीतून उठल्या नाहीत.

परतताना आबेदा म्हणाल्या, "माझं काम झालं, मावशी. पण आमच्या दवाखान्यात केरळची एक सिस्टर आहे, लिसी. तीपण घर शोधतेय. बाकीचे निम्मे फ्लॅट तर कधीच विकले गेले. तिला काय सांगू, वर्षभर थांब म्हणून?"

"आपल्या मानसांला कुटं जागा मिळंना, म्हनून केलं मी."

"ते खोटं नाही," आबेदा म्हणाल्या.

आठवडाभर रत्नाबाईंना जेवण गोड लागलं नाही. अट काढायचं बोलल्या, तर दीर विठ्ठलराव तापले. "मग आपल्या पोरांनी जायाचं कुटं, वैनी?"

शेवटी त्यांनी बिल्डरकडून कागद बदलून घेतला. घर विकायला काढायच्या आठ दिवस आधी गावात कळवायचं. त्यानंतर जो येईल त्याला द्यायचं, आडनाव, भाषा, ताटात काय ते न विचारता.

त्या आठ दिवसांत गावातल्या दोघांनी घरं घेतली. लिसीला तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला. विठ्ठलराव आता ब्लडप्रेशर तपासायला आबेदांचा जिना चढतात, पण वहिनींचं चुकलं हे त्यांचं मत कायम आहे.

"चुकलंबी असंल," रत्नाबाई म्हणतात आणि त्यांच्यापुढं चहा ठेवतात.