आतल्या बाजूचं टायर

पहिल्याच टायरला खाच पाडताना मी तापलेली पाती एवढी दाबली, की रबर सोडून आतला दोरा बाहेर डोकावला. "दाजी, टायर कापायलात का टरबूज?" मेव्हण्यानं विचारलं. बायकोचा धाकटा भाऊ. गुळगुळीत झालेल्या टायरला घरच्या घरी खाचा पाडायचा हुन्नर त्यानंच मला शिकवला होता. पाती लाल करायची आणि हलक्या हातानं ओढायची. हलका हात सोडला तर बाकी सगळं मला जमलं.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या जुन्या ट्रकवर टाकी बसवून तो सरकारी पाण्याच्या खेपांना लावला होता, घर त्याच्यावरच चालत होतं. साऱ्या मुलखात चिखल औषधालाही नव्हता. फक्त मुरुडजवळच्या ज्या विहिरीवर टाक्या भरायच्या, तिथं पाणी सांडून सांडून राडा झालेला. नेमका तिथंच आमचा ट्रक रुतायचा. म्हणून या खाचा. दोरा दिसणारं टायर मेव्हण्यानंच मागच्या जोडचाकात आतल्या बाजूला चढवलं. आत कोण वाकून बघतंय, म्हणाला. मी त्याला घरी नेऊन जेवू घातलं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आधी कचेरी उस्मानाबादला, गाड्या तपासणारा साहेब दिसायचाच नाही. आता तो लातूरहून निघून चहाच्या वेळेला विहिरीवर हजर. त्या दिवशी आला तो पुढची चाकं बघेना, दिवे बघेना. सरळ मागं गेला, इस्त्रीच्या पँटीसकट गुडघ्यावर बसला आणि जोडचाकाच्या आत हात घातला. दोरा होता तिथंच बोट. मेव्हणा लिंबाखाली तंबाखू मळत उभा होता, आणि ती काही केल्या मळून होईना.

आमच्या खेपा बंद झाल्या. त्या मेव्हण्यानं उदगीरहून आणलेल्या टँकरला मिळाल्या.

साहेबाचं काही चुकलं नव्हतं. फाटकं टायर फाटकंच. पण ते कुठं बसवलंय हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि मी तर बोललो नव्हतो.

बायकोला मी काही सांगितलं नाही, माहेरचा मामला. तिला गावानं सांगितलं. पुढं त्याचा टँकर आमच्या गल्लीत आला, तेव्हा मी आत भिंतीकडं तोंड करून बसलो. बाहेरून "अक्का" अशी त्याची हाक ऐकू आली. ती घागर भरून आत आली, रांजणात रिकामी केली, पदराला हात पुसले.

"लेकरांपुरतं पानी घेतलं," ती म्हणाली. "चहाचं इचारलं न्हाई म्या त्याला."