चौथा नंबर

जालन्याच्या स्टेशनसमोरच्या टॅक्सी स्टँडवर एक कायदा होता. कुठं लिहिलेला न्हाई, पण मोडायची कुणाची टाप न्हाई. रांगेत सेल मारायचा न्हाई, म्हंजे इंजिन चालू करायचं न्हाई. पुढची गाडी भाडं घेऊन गेली की मागच्या सगळ्यांनी खाली उतरायचं, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि खांदा लावून एक जागा पुढं ढकलायची. कुणाचा गुडघा दुखत असला तर शेजारच्यानं हात लावायचा. डिझेल वाचवायचं आम्हाला कुणी शिकवू नये.

सकाळची रांग ठरलेल्या नंबरानं लागायची. माझा नंबर चौथा. पांढरी, फुगीर डिक्कीची माझी गाडी बावीस वर्षं त्या जागेवरनं आष्टी, तीर्थपुरी, म्हणाल तिथं गेल्ती.

मंग हुकूम आला, जुन्या डिझेल गाड्या बंद, नव्या सीएनजीच्या लावा. खोटं कशाला बोलू, माझी गाडी डिझेल पाण्यासारखं प्यायची, आणि धूर असा सोडायची की मागचा मोटारसायकलवाला शिव्या दिल्याबिगर पुढं जायचा न्हाई. भंगारात घातली तेव्हा तक्रार केली न्हाई. एमआयडीसीत वितळून तिची सळई झाली असेल, कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमधी बसली असेल.

तक्रार दुसरीच होती. आमच्या कमिटीनं ठराव केला की महिन्याच्या आत जो नवी गाडी लावणार न्हाई त्याचा नंबर जाईल, आणि ज्याची गाडी तयार आहे त्याला मिळेल. आता तयार कुणाची होती? एका टेम्पोवाल्या शेठची. एकसारख्या पाच गाड्या, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं न्हाई. तो एकेकाला बाजूला घ्यायचा. "कशाला डोक्याला ताप? माझी गाडी चालव, पगार घे."

सातव्या नंबरचा माझा दोस्त हो म्हणाला, त्याचा नंबर शेठकडं गेला. वीस वर्षं माझ्या गाडीला खांदा लावलेला माणूस! मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. शेठ माझ्याकडं आला तेव्हा तोंडावर सांगितलं, "बावीस वर्षं स्वतःची गाडी ढकलली, शेठ. तुमची ढकलायला जन्मलो न्हाई."

नवी गाडी मी बुक केल्ती. पण परमिटचा कागद अडकला. आज या, उद्या या, साहेब जेवायला गेले. तेवढ्यात महिना संपला. अध्यक्ष म्हणाले, "नियम म्हणजे नियम. उद्यापासून चौथ्यावर शेठची गाडी."

"बघू," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. गाडी न्हाई, काही न्हाई. पायात चपला अन् खांद्यावर रुमाल. चहावाला म्हणाला, "मालक, टप कुठं उडाला?" सगळी रांग हसली. हसू दे म्हणलं.

शेठनं मुद्दाम माझ्या दोस्तालाच चौथ्यावर पाठवलं. नवी कोरी गाडी माझ्या मागं येऊन थांबली. शेठ शेजारी उभा. "घे पुढं. हटतोय तो."

दोस्तानं माझ्याकडं बघितलं. मी काय हटलो न्हाई. त्यानं गाडी बंद केली, चावी खिशात घातली, खाली उतरला आणि वीस वर्षांच्या सवयीनं दाराला खांदा लावला. आता नव्या गाडीची चावी काढली की स्टेरिंग लॉक होतं, हे बिचाऱ्याच्या ध्यानातच न्हाई. चाकं होती तिरकी. गाडी माझ्याकडं यायची ती सरळ चहावाल्याच्या बाकड्यात घुसली. सहा गिलास फुटले.

मला हसू आवरंना. इतक्या दिवसांनी पहिला शब्द बोललो, "चावी लाव, येड्या!" मंग आम्ही दोघांनीच गाडी मागं ओढली.

शेठ ओरडला, "ढकलता काय? सेल मार!"

"स्टँडवर सेल मारायचा न्हाई, शेठ." हे मी न्हाई, आख्खी रांग बोलली.

"मंग ढकल त्या जागेवर!"

दोस्त म्हणाला, "तिथं माणूस हाय." आणि गाडी माझ्या मागं, पाचव्यावर लावली.

सहा दिवस मी पायावर नंबर लावला. रांग सरकली की सरकायचो, दुसऱ्यांच्या गाड्यांना हात लावायचो. पहिल्या जागेवर आलो की भाडं मागच्या गाडीत बसवायचो आणि चालत शेपटाला जायचो. तीर्थपुरीच्या एका मावशीनं विचारलं, "गाडी कुठंय रे तुझी?" म्हणालो, "येऊ राह्यली, मावशी."

परमिट सुटलं आणि सातव्या दिवशी गाडी आली. बिलकुल आवाज न्हाई, धूर न्हाई. चौथ्या जागेवर ढकलत नेली तेव्हा मागनं खांदा दोस्ताचाच होता. "चावी काढू नको," म्हणाला, "न्हाईतर बाकडं पुन्हा जाईल."

त्याच दुपारी मी कमिटीत गेलो. म्हणालो, सातवा नंबर शेठचा न्हाई, ज्यानं वीस वर्षं ढकलली त्याचा आहे. उद्यापासून तो उभा राहील.

अध्यक्ष म्हणाले, "त्याच्याकडं गाडी कुठंय?"

म्हणालो, "पाय हायेत की."