माहेराविना पहिलं बाळंतपण

मला दिवस गेले तेव्हा आम्ही ठाण्याला तळ्याच्या पलीकडे, मिशनच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहत होतो. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर होते. आमचा बाप्तिस्मा होऊन फार काळ लोटला नव्हता. माझं माहेर कल्याणचं. मी ख्रिस्ती झाल्याची बातमी पोहोचली त्या दिवशी वडिलांनी माझ्या नावानं आंघोळ केली आणि ते दार मिटलं. सासरचं दार तर यजमानांनी आधीच गमावलेलं होतं. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, आईनं तिचे डोहाळे पुरवायचे, हे मुलगी कळायला लागल्यापासून ऐकत असते. मला जायला जागाच नव्हती.

त्यातून त्या वर्षी आमच्या आवारातल्या दोन बायका बाळंतपणात गेल्या होत्या. त्यांतली एक माझ्याच वयाची, माझ्याबरोबर शिवण शिकायला बसणारी. बाहेरच्या आळीतल्या बायका आम्हाला ऐकू येईल अशा बेतानं बोलत, की कुळाचा देव सोडला की असंच व्हायचं. माझं पोट दिसू लागलं तसे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले. त्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणणार नाही. पुढे काय होतं ते त्यांना पाहायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच पाहायचं होतं.

भीतीपोटी मी उपास सुरू केले. लहानपणापासून तीच सवय. देवाकडे मोठं मागणं असलं की पोट रिकामं ठेवायचं. देव बदलला तरी सवय काही बदलली नव्हती. दुपारभर गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि संध्याकाळी चक्कर आली की भिंतीला धरून उभं राहायचं.

एके संध्याकाळी मला असं भिंत धरून उभं असलेलं आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोनं पाहिलं. त्यांना सगळे पाळकबाई म्हणत. नगरकडच्या, उंच, बोलणं रोखठोक. त्यांना सात मुलं झाली, त्यांतली चार जगली. तरुणपणी नगरकडे एका मिशनच्या डॉक्टरीणबाईच्या हाताखाली त्या काही वर्षं राहिल्या होत्या आणि तिथं शिकलेलं काही विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला खाली बसवलं आणि सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं. मी उपासाचं सांगितलं.

"कोणासाठी हा उपास?"

"देवासाठी."

"देवानं मागितला का? पोटातलं पोर मात्र मागतंय, त्याला तू काही दिलं नाहीस."

मी रडू लागले. मला काही झालं तर आमच्या सगळ्यांवर बोल येईल, लोक म्हणतील ह्यांच्या देवात काही नाही, असं काहीबाही मी बोलले असेन. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या पोटात देवाची परीक्षा चाललेली नाही. तिथं एक मूल वाढतंय. देव आपलं बघून घेईल, तू भाकरी खा."

त्यांनी स्वतः चुलीपाशी बसून मला भाकरी आणि मुगाचं वरण वाढलं. त्या जेवणापासून माझ्या बाळंतपणाची तयारी सुरू झाली असं मी धरते.

त्या दर गुरुवारी येत. आधी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एखादा उतारा वाचायचा, मग शरीराचं बोलायचं. त्यांच्या मनात ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. देह देवानं राहण्यासाठी दिलेली जागा आहे, ती झाडून-पुसून ठेवणं हीसुद्धा भक्तीच, असं त्या म्हणत. पाणी उकळून गाळून प्यायचं. रोज पालेभाजी, वरण, जमेल तेवढं दूध. दुपारी डाव्या कुशीवर पडायचं, पण दिवसभर लोळायचं नाही. सकाळच्या उन्हात चालायचं. तोंड, हात सुजले, डोकं फार दुखलं, अंगावरून गेलं, तर प्रार्थना करत घरी बसून राहायचं नाही, त्याच घटकेला निरोप धाडायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यांनी माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. "प्रार्थना टांग्यात बसूनही करता येते," त्या म्हणायच्या.

एका गुरुवारी त्यांनी एक गोष्ट सांगितली. शास्त्रात एक वांझ बाई आहे. देवदूत तिला येऊन सांगतो की तुला मुलगा होईल, तेव्हा आता जप, मद्य पिऊ नकोस, अशुद्ध काही खाऊ नकोस. तो मुलगा पुढे एवढा बलवान झाला की त्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे. पण त्या आईचं नाव शास्त्रात कुठं दिलेलंच नाही. "नाव नसलेल्या बाईसाठी देवानं दूत पाठवला," पाळकबाई म्हणाल्या, "आणि पाठवला तो खाण्यापिण्याचं सांगायला."

मग त्यांनी यजमानांना बाहेरून बोलावलं. ते संकोचून दाराशी उभे राहिले. पाळकबाईंनी गोष्टीचा उरलेला भाग त्यांना ऐकवला. त्या बाईच्या नवऱ्याला राहवलं नाही, त्यानं प्रार्थना केली की दूत पुन्हा येऊ दे आणि आम्ही काय करायचं ते सांगू दे. दूत पुन्हा आला आणि तेच सगळं नवऱ्यालाही सांगून गेला. "तेव्हा मास्तर, तुम्हीही ऐका. आजपासून विहिरीवरचं पाणी हिनं ओढायचं नाही."

दुसऱ्या सकाळी माझे यजमान घागर घेऊन विहिरीवर गेले. शाळेचे मास्तर, डोक्याला पागोटं, आणि बायकांच्या रांगेत घागर घेऊन उभे. आळीत हसू पिकलं. शाळेतल्या मुलांपर्यंत ते गेलं. त्यांनी मान खाली घालून पाणी आणलं, आणि मूल होईपर्यंत रोज आणत राहिले. लोक माझ्या यजमानांच्या इंग्रजीची वाखाणणी करत, तेव्हा मला बरं वाटे. पण त्या घागरीचा मला जो अभिमान वाटला, तसा दुसऱ्या कशाचाच वाटला नाही.

पोट मोठं होऊ लागलं तरी पाळकबाई मला चालायला नेत. त्या बाळकुमला मिठागरावर काम करणाऱ्या बायकांना भेटायला जात. मला झेपेल तेवढं चालायचं, मग मागून येणाऱ्या बैलगाडीत बसायचं. तिथं माझ्याइतकेच महिने झालेली एक सून डोक्यावर मिठाची टोपली घेऊन चालताना मी पाहिली. तिचे पाय सुजलेले होते. तिची सासू बाजूलाच काम करत होती. पाळकबाईंनी तिला समजावलं, ओझं उचलू देऊ नकोस म्हणाल्या, ताडी देऊ नकोस म्हणाल्या. सासूनं ऐकून घेतलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

"बाय, आमी बसलो त चूल कोन पेटविल?" ती मला म्हणाली. पाळकबाईंना तसं म्हणायचं धाडस तिला झालं नसावं. मी वयानं लहान आणि पोटानं तिच्या सुनेसारखी.

तेव्हा मी बांधावर बसले आणि तिला ती नाव नसलेल्या बाईची गोष्ट सांगितली. त्याआधी मी चार माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं. आवाज कापत होता. सांगता सांगता आणखी दोघीतिघी येऊन बसल्या. गोष्ट संपल्यावर सासूनं विचारलं, दूत आधी नवऱ्याकडं का नाही गेला? मी म्हटलं, पोट बाईचं, म्हणून आधी बाईकडं. त्यावर त्या सगळ्या हसल्या. सासूनं थोडा वेळ सुनेच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "टोपली मी उचलीन. ही बसून भरील." ताडीचं मात्र ती काही बोलली नाही, आणि ती सुटली की नाही ते मला कधी कळलं नाही. त्या सुनेला पुढे मुलगा झाला, दोघंही सुखरूप राहिली.

परतताना पाळकबाई म्हणाल्या, "आता गुरुवारी उतारा तू वाचायचास." त्यांच्याकडून एवढी शाबासकी मोठी होती.

माझे दिवस भरले तेव्हा खोली तयार होती. भिंतींना चुना दिलेला, जुनी लुगडी उकळून कडक उन्हात वाळवून घडी घालून ठेवलेली. सकाळी कळा सुरू झाल्या. आळीतली सुईण आली. ती हिंदू, पण सगळ्यांच्या घरी जाणारी, हाताची हलकी. पाळकबाईंनी तिला नखं कापायला लावली, गरम पाण्यानं आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. ती कुरकुरली नाही. इतर घरी मला मागल्या दारानं घेतात, इथं हात धुवायला लावतात पण आधी चहा देतात, असं ती म्हणाली.

दोन प्रहरच्या सुमाराला बाहेर टांगा थांबला. यजमानांनी आत डोकावून पाळकबाईंना खूण केली. पाळकबाई बाहेर गेल्या. माझी आई आली होती. आत्याला सोबत घेऊन कल्याणहून आगगाडीनं आली होती. ठाण्याच्या कुणा ओळखीच्या बाईकडून तिला माझे दिवस कळले होते. वडिलांना सांगून निघाली. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

ती खोलीत आली नाही. खिडकीबाहेर ओट्यावर बसली, शेजारी घरून आणलेला पाण्याचा तांब्या. आमच्या घरचं पाणी ती घेणार नव्हती आणि कुणी तिला आग्रहही केला नाही. खिडकी उघडी पाहून मात्र ती घाबरली. बाळंतिणीची खोली म्हणजे बंद दारं, कोंदट अंधार आणि शेगडी, हेच तिनं आयुष्यभर पाहिलेलं. "अहो बाई, खिडकी लावा, पोरीला वारा बाधेल," ती म्हणाली.

पाळकबाईंनी तिला उजेडाचं, मोकळ्या हवेचं काही सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आई, खिडकी लावली तर तुम्हाला लेक दिसणार नाही."

आईनं पुन्हा खिडकीचं नाव काढलं नाही. कळ आली की मी तिकडे बघायची. ती गजांना धरून उभी असायची. तिचे ओठ हलत होते, कुलस्वामिनीचं नाव घेत असेल. आत पाळकबाई प्रभूचं नाव घेत होत्या. माझं दोन्हीकडे लक्ष होतं आणि मला कशाचीच भीती वाटत नव्हती. वर्षभर जी भीती उराशी होती ती त्या दिवशी कुठं गेली कोण जाणे. अंगात बळ होतं. ते बळ मी भाकरीनं, दुधानं, चालण्यानं महिनोन्‌महिने साठवलेलं होतं, आणि आता ते माझ्या कामी येत होतं, हे मला प्रत्येक कळेला कळत होतं.

उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. मोठ्यानं रडली. बाहेर आळीतल्या बायका जमल्या होत्या, त्यांनीही ते ऐकलं. सुईणीनं मुलीला पुसून कापडात गुंडाळलं तेव्हा आईनं खिडकीतून विचारलं, पोरीला न्हाऊ कोण घालणार? कुणी काही बोलायच्या आत ती उठली, पदर खोचला, आणि उंबरा ओलांडून आत आली. नातीला पायांवर घेऊन तिनं न्हाऊ घातलं. मग माझ्यापाशी बसून माझे दंड, माझी मनगटं चाचपून पाहिली.

"चांगली भरली आहेस," ती म्हणाली. "माझ्याकडे असतीस तर याहून जास्त मी काय केलं असतं?"

पाळकबाई पाठ करून लुगडी आवरत होत्या. त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले. आई संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना तिनं पाळकबाईंना वाकून नमस्कार केला. जातीचा आणि धर्माचा एवढा कडक विचार करणारी बाई, पण वाकली.

पुढच्या वर्षी माझ्या वहिनीला दिवस गेले आणि तिचं अन्न पोटात ठरेना. आईचा निरोप आला, येऊन काय काय करायचं ते सांगून जा. मी मुलीला घेऊन कल्याणला गेले. घरात पाऊल ठेवायचं नाही हे मला ठाऊक होतं. मागच्या दारानं परसात गेले, केळींजवळ बसले. वहिनी पायरीवर बसली, आई दारात उभी राहिली. थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा खायचं, पाणी उकळायचं, विश्रांती कधी घ्यायची, कोणत्या खुणा दिसल्या की डॉक्टरांना बोलवायचं, सगळं मी सांगू लागले. आवाज आता कापत नव्हता. घरातल्या आणखी दोघीजणी आल्या आणि आपापसात कुजबुजू लागल्या.

आतून, माजघराच्या दारापासून वडिलांचा आवाज आला. बाप्तिस्म्यानंतर तो मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कुजबुज बंद करा. ती काय सांगते आहे ते नीट ऐका."

ते बाहेर आले नाहीत. मी पदर सारखा केला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले, त्यांना आतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.